नाळेतील रक्त: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कोवळ्या वयातील बाळंतपणे आणि नाळेतील रक्त यांवरील लेखात मी म्हटले होते, की बाळाच्या स्वतःच्या पुढच्या आजारपणासाठी हे रक्त पैसे भरून खासगी पेढीत गोठवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यावर आपण पुण्याहून लिहिता, "या रक्ताने जगभर रुग्ण बरे होत असताना जुन्या जमान्यातल्या सिस्टरने तरुण आईबापांना घाबरवू नये." जमाना जुना आहे खरा, पण इंदूरच्या प्रसूतिगृहांत माझी उभी हयात गेली आहे, आणि आपण नाळ कधी हातात धरली आहे का, हे विचारण्याचा मोह मी आवरते आहे. मतभेद जरूर असावा. वयावर घसरण्याचे कारण नव्हते.

रुग्ण बरे होतात, हे मी नाकारले कुठे? १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलावर नाळेतील रक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले. मात्र ते रक्त त्याचे स्वतःचे नव्हते, नवजात बहिणीचे होते, आणि खरी गोम इथेच आहे. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार असलेल्या बाळाच्या नाळेतील मूळपेशींतही, म्हणजे नवे रक्त घडवणाऱ्या पेशींतही, तोच दोष असतो. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी या रक्ताची पिशवी गोठवून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. घरात आधीच असे आजारी मूल असेल, तर गोष्ट वेगळी.

अठरा-एकोणीस वर्षांची, नखे पांढरी पडलेली पहिलटकरीण कळा देत असताना बाहेर बाकावर तिच्या सासऱ्यांना हप्त्यांचे कोष्टक समजावून सांगणारा अशा खासगी पेढीचा प्रतिनिधी मी पाहिला आहे. लोहाच्या गोळ्या तिने धड घेतलेल्या नव्हत्या. अशा बाळाच्या नाळेला चिमटा लावण्यापूर्वी निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्यात बाळाला लोहाचा साठा मिळतो. पिशवी भरण्याच्या घाईत नेमके तेच मिनिट कापले जाते. हे सांगणे म्हणजे घाबरवणे असेल, तर खुशाल तसे म्हणा!

लेखाचे शीर्षक जरा भडक होते, एवढे मान्य. "अशी बाळंतपणे आता इतिहासजमा झाली," हे आपले विधान मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडून पाहिले असते तर टळले असते: १५ ते १९ वयोगटातील आई झालेल्या वा गरोदर मुलींचे प्रमाण २०१५-१६ मधील ७.९ वरून २०१९-२१ मध्ये ६.८ टक्क्यांवर आले, शून्यावर नव्हे. माझ्या माळवी वळणाच्या मराठीवरचा शेरा मी सोडून देते. नातवाची पिशवी तुम्ही पैसे भरून ठेवली आहे म्हणता. ती त्याच्या कोणत्या आजारासाठी, तेवढे मात्र पुढच्या पत्रात कळवा.