तिसरी लाइन टिकत नाही, डायनॅस्टी टिकते

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या टँपा बे लाइटनिंगची 2021 ची तिसरी लाइन, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारं तीन फॉरवर्डचं त्रिकूट, अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. यानी गूर्ड, ब्लेक कोलमन, बार्कले गुडरो. लीगच्या विजेतेपदाची, म्हणजे स्टॅन्ली कप फायनलची दुसरी मॅच, समोर माँट्रिअल, 1-1 बरोबरी, दुसरा पिरियड संपायला जेमतेम एक सेकंद. गुडरोने आडवा पास दिला आणि कोलमनने बर्फावर अंग झोकून देत, एका हाताने स्टिक लावून पक, म्हणजे रबरी चकती, गोलकीपर केअरी प्राइसच्या जाळ्यात ढकलला! इथे सकाळचे सात वाजले होते. ओरडून मी घर जागं केलं.

कप जिंकला आणि महिन्याभरात ती लाइन मोडली. गूर्डला सिअॅटलच्या नव्या संघाने उचललं, गुडरो रेंजर्सकडे गेला, कोलमन कॅल्गरीला. खेळ खालावला म्हणून नाही. एक्स्पान्शन ड्राफ्ट (नव्या संघाने जुन्या संघांतून खेळाडू उचलणं) आणि सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा), दोन्हींनी मिळून घात केला.

अशी उदाहरणं पाहून लोक म्हणतात, 2005 साली कॅप आली आणि एनएचएलमधल्या डायनॅस्टी, म्हणजे पुन्हा पुन्हा कप जिंकणारे संघ, संपल्या. मला हे अजिबात पटत नाही. 2016 ते 2025 या दहा वर्षांतले सहा कप तीनच संघांनी नेले: पिट्सबर्ग, टँपा, फ्लोरिडा. प्रत्येकाने लागोपाठ दोन. याला दबदबा नाही तर काय म्हणायचं?

माँट्रिअलने 1956 ते 1960 सलग पाच कप जिंकले, पण तेव्हा लीगमध्ये संघ सहा आणि कपसाठी जिंकायच्या सिरीज (एकाच संघाशी अनेक मॅचची लढत) दोन. आज संघ 32, सिरीज चार. न्यूयॉर्क आयलँडर्सचे 1980 ते 83 चे चार कप आणि सलग 19 सिरीज, त्यापुढे मात्र मी हात जोडतो. पण कॅपच्या काळात टँपाने सलग 11 सिरीज जिंकल्या, 2022 मध्ये तिसरी फायनलही गाठली. माझ्या लेखी ते त्याच पंगतीत बसतात. टँपाचा कुचेरोव्ह 2021 चा अख्खा रेग्युलर सीझन (साखळी सामने) बाहेर बसून थेट प्लेऑफला (बाद फेऱ्यांना) उतरला, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तेव्हा प्लेऑफला कॅप नव्हती, म्हणून नियमात ते बसत होतं. आता प्लेऑफलाही कॅप लागू झाली, हे उत्तमच झालं.

बदललंय ते एवढंच, की अख्खा संघ टिकत नाही, गाभा टिकतो. शिकागोने 2010 च्या कपनंतर बफलिन, लॅड यांना सोडलं. टेव्स, केन, कीथ, सीब्रुक धरून ठेवले आणि 2013, 2015 पुन्हा जिंकले. हे सोपं नाही हो. दर उन्हाळ्यात आपल्याच कपविजेत्यांना निरोप द्यायचा आणि नवी माणसं घेऊन परत वर यायचं.

फ्लोरिडाने 2025 च्या उन्हाळ्यात बेनेट, एकब्लाड आणि 37 वर्षांचा मार्शंड, तिघांनाही राखलं. तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, कॅपही 95.5 मिलियन डॉलरवर गेली, त्याचा फायदा झालाच असणार. या गाभ्याकडून आणखी एक कप येईल असं मला मनापासून वाटतं. मधे एखाद-दोन वर्षं रिकामी गेली, तरी मी फ्लोरिडाला डायनॅस्टीच म्हणणार.