रक्ताची गुठळी रोखणाऱ्या इंजेक्शनबद्दल खुलासा

'हाडाच्या ऑपरेशननंतर पोटावर टोचायची इंजेक्शनं नकोत, ॲस्पिरिन पुरे' हा मेसेज परवा मीच ग्रुपवर टाकला. चूक झाली. गुडघा बदललेल्या मावशीने तो वाचून उरलेल्या सिरिंज कपाटात ठेवल्या, तेव्हा मी मूळ निबंध वाचले.

मेसेज ज्यावरून आला ती २०२३ची चाचणी अमेरिका-कॅनडातल्या १२,२११ फ्रॅक्चरच्या रुग्णांवरची. ९० दिवसांतले मृत्यू ॲस्पिरिन आणि इंजेक्शन या दोन्ही गटांत जवळपास सारखे, हे खरं. पण खोल शिरेतली गुठळी ॲस्पिरिन गटात २.५१ टक्के, इंजेक्शन गटात १.७१. आणि खुबा-गुडघा बदललेल्यांवरच्या २०२२च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत तर ॲस्पिरिन स्पष्ट मागे पडलं: गुठळी झालेले रुग्ण ३.४५ विरुद्ध १.८२ टक्के. फ्रॅक्चरचा निकाल मावशीला लागूच नव्हता!

सर्जनना विचारल्याशिवाय चालू औषध थांबवू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना गेलाय, त्यांना हा पाठवा.