तायी एल्ली?

आमच्या बेळगावात गुरुवार म्हणजे लसीचा दिवस. बायकोला ताप, त्यामुळं 14 आठवड्यांचे चिरंजीव आणि मी, दोघंच निघालो. फौंड्रीत अर्धा दिवस मागितला तेव्हाच सुपरवायझर म्हणाला होता, "का? बायको कुठं गेली?" तिथंच मी शहाणं व्हायला पाहिजे होतं.

केंद्रात सिस्टरनं कार्ड घेतलं, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. "तायी एल्ली?"

माझं कन्नड बाजारातल्या 'एष्टु' (किती) आणि 'बेडा' (नको) यांच्या पुढं कधी गेलं नाही. (1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हाच आजोबांचं कन्नड रुसून बसलं, ती लागण घरभर.) मला ऐकू आलं 'ताई'. मी म्हटलं, "ताई कोल्हापूरला दिलीय."

सगळी रांग हसली. तायी म्हणजे आई, एल्ली म्हणजे कुठं. कार्डाचं नावच 'तायी कार्ड', हे मला साडेतीन महिन्यांनी कळलं.

तीन सुया होत्या. डाव्या मांडीत एक, उजवीत एक, दंडात एक. पोरगं निळं होईस्तोवर रडलं. माझ्याही डोळ्यात पाणी आलं, ते पुसताना शेजारच्या बाकावरच्या इरकल नेसलेल्या आज्जीनं पकडलं. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं असतं. तो अर्धा तास आज्जीनं पुरवून वापरला.

"बाळाची आई नाही व्हय आली?"

"ताप आलाय."

"हाय न्हवं पण?"

"आहे की ओ आज्जी! नुसता ताप आलाय."

"मग सासू?"

"गावाला गेलीय."

"तुझी आई?"

"गुडघे धरलेत तिचे."

"बहीण तरी—"

"ती कोल्हापूरला..."

"व्हय, ते ऐकलं मगाशी."

मग आज्जी रांगेकडं वळली. "बगा गं! बाप्या माणूस एकटा पोराला घेऊन आलाय. देवमाणूस!" शेजारी तिची सून होती. एक पोर मांडीवर, दुसरं पदराला लोंबकळत. ती काही बोलली नाही. माझ्याकडं एकदा बघितलं तेवढंच, पण देवपण त्यातच उतरलं.

"पोरगं रडूलंय की! दे हिकडं, बाप्यांना धरायला येत नाही." आज्जीनं घेतलं आणि अर्ध्या मिनिटात पोरगं गप्प. भर सभेत बापाला तोंडघशी पाडलं कार्ट्यानं.

आमच्या बाबांवर ही वेळच आली नाही. वडिलांसमोर स्वतःचं पोर उचलायचं नाही, अशी रीतच होती. त्यांची माया कुंद्यातून यायची. निकालादिवशी पाव किलोचा डबा फळीवर ठेवायचे आणि समोर उभ्या असलेल्या मलाच म्हणायचे, "आईला सांग, कुंदा आणलाय." दूध आटवून आटवून करतात तो पदार्थ. बाबाही तसेच आटलेले, पण गोड.

आता जो तो सांगतो, बापानं पोरात जीव गुंतवावा. गुंतवतो की! पण कधी? कायद्यानं आईला 2017 पासून 26 आठवडे रजा आहे, आणि ती हवीच. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला 15 दिवस मिळतात. उद्यमबागेतल्या फौंड्रीत साचे भरणाऱ्या बापासाठी कायद्यात एक ओळ नाही. पोरगं झालं तेव्हा मी दोन दिवस घेतले, त्यातला एक रविवार निघाला.

लंगोट बदलायची खोली होती, पण आत बायका पोरांना पाजत बसलेल्या. मी बाहेर स्कूटरच्या सीटवर बदलला. चहावाला, रिक्षावाला आणि कुत्रं, तिघं बघत होते. दोघांनी सूचना केल्या.

घरी आल्यावर बायकोनं गोधडीतून विचारलं, "काय म्हणाले?"

"देवमाणूस म्हणाले."

"सहाव्या आठवड्याला मी गेले, दहाव्याला मी गेले. मला कुणी देवी म्हणालं नाही. उलट दहा मिनिटं उशीर झाला म्हणून ओरडले."

यावर मी काय बोलणार? कार्ड पुढं केलं. पुढची लस नवव्या महिन्यात. तारखेखाली सिस्टरनं कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं होतं. बायको कन्नड शाळेत शिकलेली. तिनं वाचलं आणि तापातसुद्धा अशी हसली की पोरगं जागं झालं.

"काय लिहिलंय?"

"पुढच्या वेळी आईला घेऊन या."