३५ मिनिटांत बसणारा राग

शिक्षकाला राग आवरावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो ३५ मिनिटांत आवरावा लागतो, हे फक्त गाणं ऐकणाऱ्या शिक्षकाला ठाऊक असतं. लय चांगली पसरलेली असेल तर विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांची एक फेरी, मिनिटभर घेतं. म्हणजे ३५ मिनिटांच्या ऑफ तासात ३५ आवर्तनं. हाती लागतात पाच. सहाव्याला दारात शिपाई उभा असतो आणि त्याच्या हातात बदली तासाची वही असते.

यावर उतारा म्हणजे जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, म्हणून त्या काळच्या गवयांनी आलाप, बंदिश, ताना सगळं तेवढ्यात बसवलं. ‘पोर्शन’ वेळेत संपवणं शिकावं तर यांच्याकडून! स्टाफरूमपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत एक बाजू आरामात होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान गाणं संपल्यावर स्वतःचं नाव पुकारायच्या. तबकड्या परदेशात तयार व्हायच्या, आणि आवाज कोणाचा हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं. थोडक्यात, शेवटी हजेरी. शाळेत ही पद्धत आली तर मधल्या सुट्टीत पसार होणारे तरी सापडतील.

खरी बैठक जमते ती पेपरांच्या गठ्ठ्यासमोर. ४० उत्तरपत्रिका, एकीला सहा मिनिटं, म्हणजे चार तास. एवढा वेळ गवयालाही कोणी देत नाही. पण इथे पथ्य आहे. शब्द कळणारं गाणं लावू नये. डोळे निबंध वाचतात, कान कविता ऐकतात आणि मुलाने न लिहिलेल्या ओळीला आपण बरोबरची खूण करून मोकळे होतो. वाद्य लावावं, तेही ऐकून ऐकून मुरलेलं. नवीन काही लावलं की पेन हवेतच थांबतं. तपासायचंही प्रश्नवार. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. त्याने गुण समान पडतात, मात्र तेच उत्तर ४० वेळा वाचावं लागतं, आणि त्यासाठीच तर सतार आहे. दीर्घोत्तरी प्रश्नांना आलाप, ‘जोड्या जुळवा’ला जोड, रिकाम्या जागांना झाला. सतारीवर आलाप संथ, जोड लयीत आणि झाला सर्वांत जलद. हा क्रम चुकवू नये. झाल्याच्या वेगात दीर्घोत्तरी प्रश्न तपासला तर पेन लयीत धावतं आणि पुरवणीसकट सगळं बरोबर ठरतं. गुणांच्या बेरजेला तर सगळंच बंद. तबला चालू असेल तर साडेतीन अधिक दोन अधिक तिरकिट होतं, आणि तो तिरकिटचा अर्धा गुण पुनर्तपासणीत सापडतो.

सिनेमाचं दुखणं वेगळं. अडीच तासांचा सिनेमा २५ मिनिटांप्रमाणे सोमवार ते शनिवार पुरतो. तुकडे करण्यात पाप नाही. ३५ मिलिमीटरचं १००० फुटी रीळ तसंही ११ मिनिटांतच संपायचं. प्रसंग संपला की थांबावं, वेळ टाचणवहीच्या कोपऱ्यात लिहावी, दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं मागून सुरू करावं. रहस्यपट मात्र असा पाहू नये. गुरुवारपर्यंत संशयिताचा चेहरा विसरतो आणि त्या जागी ‘ब’ तुकडीतला मागच्या बाकावरचा एकजण दिसू लागतो. दीडपट वेगाचा मोह होतो, अडीच तासांचे १०० मिनिटं होतात खरे, पण विनोद ज्या क्षणभराच्या थांबण्यात असतो तेच कापलं जातं. संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं वाटलं, तर दोष कानांचा नाही. थिएटरमध्ये संवादांना मधला वेगळा स्पीकर असतो. फोनमध्ये सगळं दोनांत कोंबलं जातं. सेटिंगमध्ये आवाज ‘स्टिरिओ’वर आणावा आणि सबटायटल लावावीत. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजू नयेत, असं मी सांगू शकतो, पाळू शकत नाही. पडद्यावरचा शिक्षक फळ्यावर एक ओळ लिहितो की घंटा होते. त्याला गुणतक्ता भरताना अजून तरी कोणी दाखवलेलं मला दिसलं नाही.

वेळ न मागता गाणं मिळतं ते एकट्या हजेरीत. एका नंबराला एक मात्रा धरली आणि पट ६०चा असेल, तर एकतालाची बरोबर पाच आवर्तनं होतात. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पडते १, १३, २५, ३७ आणि ४९ नंबरवर. हे पाच नंबर जरा जोरात पुकारले जातात, आणि आपण काय केलं या विचाराने ती पाच मुलं रोज दचकतात. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी नाही, तिथे हात हवेत जातो. वर्गाला वाटतं माशी आहे. सोळा मात्रांच्या त्रितालात चार मुलं कमी पडतात, आणि तालासाठी प्रवेश देण्याची सोय नाही. २५ नंबर आजारी पडला की अख्खी सम कोरी जाते. मग २६ नंबर सांगतो, “सर, तो नाही आला.” तेही दीड मात्रा उशिरा.