अमर्याद जागा, अटी लागू

कॅमेरा विकत घेताना तो हातात धरून पाहता येतो, बटण दाबून त्याचा आवाज ऐकता येतो आणि दुकानदाराचे लक्ष नसले तर भिंगावर फुंकर मारून ते शर्टाच्या टोकाने पुसताही येते. संकेतस्थळासाठी होस्टिंग घेताना यांपैकी काहीही करता येत नाही. कुठल्या तरी देशातल्या, कुठल्या तरी थंडगार खोलीतल्या, आयुष्यात कधीही नजरेस न पडणाऱ्या संगणकाच्या एका कोपऱ्याचे भाडे आपण आगाऊ भरायचे, आणि तेही कानाला हेडफोन लावून हसणाऱ्या एका मुलीच्या भरवशावर. ही मुलगी चोवीस तास केवळ आपल्या मदतीसाठी जागी असते, असे तिच्या चित्राखाली लिहिलेले असते. फोटो काढायची सवय असल्यामुळे माझी नजर चेहऱ्यांवर चटकन अडकते. हीच मुलगी मला एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांच्या पानांवर भेटली, आणि पुढे एका दंतवैद्याच्या संकेतस्थळावरही ती त्याच हेडफोनसह, त्याच उत्साहाने हसत होती.

माझी गरज तशी माफक होती. निवडक छायाचित्रे, चार ओळींचा परिचय आणि काम देऊ इच्छिणाऱ्याने निरोप कुठे ठेवावा याचे एक पान, एवढ्यात माझा पोर्टफोलिओ संपत होता. ‘त्यासाठी इन्स्टाग्राम आहे की,’ असे सुचवणारे हितचिंतक भेटलेच. परंतु फुकटच्या जागेचा इतिहास फारसा धीर देणारा नाही. याहूने २००९ साली लोकांना फुकट पाने उभारू देणारी जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेने उभारलेली असंख्य पाने त्याबरोबर गेली. छायाचित्रे ठेवण्याच्या फ्लिकर या संकेतस्थळाने २०१९ साली फुकट खात्यावर एक हजार छायाचित्रांची मर्यादा घातली. त्याच वर्षी मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाने सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळे साठवणारे संगणक, हलवताना वापरकर्त्यांची जुनी गाणी, चित्रफिती आणि छायाचित्रे हरवल्याचे सांगितले आणि गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. एवढा मोठा डोलारा दिलगिरीच्या एका वाक्यात आटोपता येत असेल, तर आपले चार फोटो आपल्याच नावाच्या पत्त्यावर, पैसे मोजून ठेवावेत, असे मी ठरवले. पैसे मोजल्यावर निदान भांडता तरी येते.

होस्टिंगच्या दुकानात शिरल्यावर प्रथम भेटतो तो प्लॅनचा तक्ता. तीन स्तंभ, आणि मधल्या स्तंभावर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ अशी फीत. डावीकडचा प्लॅन घेणारा कंजूष ठरावा आणि उजवीकडचा घेणारा उधळ्या, अशी ही मांडणी असते, आणि सामान्य माणूस निमूटपणे मधल्यात जाऊन बसतो. तिथे त्याला अमर्याद जागा, अमर्याद बँडविड्थ (म्हणजे पाहणाऱ्यांपर्यंत माहिती पोहोचवण्याची मुभा) आणि अमर्याद ईमेल खाती मिळतात. जगातल्या कुठल्याही हार्ड डिस्कला मर्यादा असताना ही अमर्याद जागा येते कुठून, हे शोधण्यासाठी मी पानाच्या तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत लिहिलेल्या अटी उघडल्या. तिथे मला ‘आयनोड’ हा शब्द सापडला. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की, जागा अमर्याद असली तरी त्या जागेत ठेवायच्या फायलींची संख्या मात्र मर्यादित असते.

छायाचित्रकाराला हा नियम विशेष बोचतो. संकेतस्थळ बांधण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत आपण एक मोठे छायाचित्र चढवले की ते त्याच्या लहानमोठ्या प्रती आपण होऊन काढते: दीडशे पिक्सेलची चौकोनी, मग तीनशेची, सातशे अडुसष्टची, एक हजार चोवीसची, आणि २०१९ सालच्या ५.३ या आवृत्तीपासून एक हजार पाचशे छत्तीस, दोन हजार अठ्ठेचाळीस आणि दोन हजार पाचशे साठ पिक्सेलचीही. मूळ फाइल धरून आठ झाल्या. वर निवडलेल्या थीमला, म्हणजे संकेतस्थळाच्या पेहरावाला, आपली खास मापे हवी असतात, त्या प्रती वेगळ्या. म्हणजे मी एक फोटो ठेवतो आणि सर्व्हर त्याच्या अख्ख्या गोतावळ्याची नोंद माझ्या नावावर करतो.

शेअर्ड, म्हणजे सामायिक, होस्टिंगमध्ये आणखी एक गंमत असते. एकाच सर्व्हरवर आपल्यासारखी शेकडो संकेतस्थळे नांदत असतात आणि सगळ्यांची टाकी एक असते. शेजाऱ्याने नळ उघडा टाकला की आपल्या नळाला करंगळीएवढी धार येते. शेजारी कोण, हे आपल्याला निवडता येत नाही आणि सहसा कळतही नाही. ज्याला हे सोसवत नाही त्याने व्हीपीएस, म्हणजे आभासी खासगी सर्व्हर, घ्यावा, असे सांगतात. तिथे स्वतंत्र वाटा मिळतो खरा, पण त्या वाट्याची झाडलोट, डागडुजी आणि राखणही बहुधा आपल्याच गळ्यात पडते. मला छायाचित्रे दाखवायची होती, सर्व्हरची चाकरी करायची नव्हती.

‘९९.९ टक्के अपटाइम’, म्हणजे संकेतस्थळ तेवढा वेळ चालू राहील, ही हमी वाचताना फार भारदस्त वाटते. उरलेल्या एक दशांश टक्क्याचा मी हिशेब मांडला, तेव्हा तो वर्षाला सुमारे पावणेनऊ तास भरला. हे पावणेनऊ तास सलग असावेत की सुटे, आणि ते नेमके मला काम देऊ पाहणाऱ्या गृहस्थाने संकेतस्थळ उघडण्याच्या मुहूर्तावरच यावेत की कसे, याबद्दल हमीपत्र मौन बाळगते. हमी मोडल्यास भरपाई असते, ती पुढल्या बिलातल्या किरकोळ सवलतीच्या रूपाने, आणि तीही आपण मागितली तर. त्या मानाने वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची व्यवस्था मला अधिक प्रामाणिक वाटते. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर ज्या संगणकावर चालत असे, त्यावर ‘हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये’ अशा अर्थाची सूचना लाल शाईने हाताने लिहून चिकटवलेली होती. हमीपत्र असे एका चिठ्ठीत मावले पाहिजे.

किमतीचे प्रकरण मात्र निराळ्याच प्रतिभेने रचलेले असते. ठळक अक्षरांत दिसणारा महिन्याचा दर हा महिन्याचा दर नसतोच. तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरले तर त्या रकमेला छत्तीसने भागून येणारा तो भागाकार असतो. मुदत संपली की नूतनीकरणाचा दर लागतो, आणि तो पहिल्या दराच्या दुप्पट किंवा तिप्पट असणे हे या व्यवसायात सौजन्याला सोडून मानले जात नाही. तोवर आपले सगळे सामान तिथे लागलेले असते, ते हलवायचा आळस येतो, आणि नेमक्या या आळसावरच हा उद्योग भरभराटीला आला असावा, असा माझा दाट संशय आहे. तटस्थ परीक्षणे वाचून निर्णय घ्यावा म्हटले, तर ‘यंदाच्या दहा सर्वोत्तम होस्टिंग सेवा’ सांगणाऱ्या बहुतेक पानांच्या माथ्यावर, आमच्या दुव्यावरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळते, असे बारीक अक्षरांत कबूल केलेले असते. अशा परीक्षणांत दोषही दिलेले असतात, पण ते ‘पर्याय इतके आहेत की निवडताना गोंधळ होतो’ अशा जातीचे असतात.

सगळे तयार मिळेल अशा सेवाही पाहिल्या. स्क्वेअरस्पेस, विक्स, स्मगमग ही मंडळी होस्टिंगबरोबर संकेतस्थळाचा साचाही देतात, आणि त्यांचे नमुने पाहून माणूस हरखून जातो. धुक्यातले डोंगर, एकटी होडी, खिडकीशी पाठमोरी बसलेली तरुणी. हे साचे देखणे दिसतात ते त्या आडव्या, रिकाम्या, अत्यंत सोशिक छायाचित्रांमुळे. माझा भर व्यक्तिचित्रांवर, म्हणजे उभ्या चौकटीवर. एका आजोबांचे मला अतिशय आवडणारे व्यक्तिचित्र मी चाचणीच्या काळात एका साच्याच्या शीर्षपट्टीत बसवले, तर संगणकाच्या पडद्यावर आजोबांच्या केवळ मिशा उरल्या. त्या इतक्या रुंद पसरल्या होत्या की, पाहणाऱ्याला ते कुरणाचे दृश्य वाटावे. मोबाइलवर मिशाही गेल्या आणि उजवा कान आला. साच्यात छायाचित्राचा केंद्रबिंदू हलवण्याची सोय होती; तो बिंदू नाकावर आणून ठेवल्यावर आजोबा नाकापुरते परतले.

रंगांची परीक्षा याहून जिव्हारी लागणारी होती. आणखी एका सेवेत मी लाल छत्रीचे एक छायाचित्र चढवले आणि ती छत्री विटकरी होऊन बाहेर आली. कारण तसे साधे होते. ते छायाचित्र अडोबी आरजीबी या रंगपटलात होते, आणि वेग वाढवण्याच्या नावाखाली त्या सेवेने फाइलीतून रंगांची प्रोफाइल, म्हणजे रंग कोणत्या पटलातले आहेत ही नोंद, काढून टाकली होती. प्रोफाइल नसली की ब्राउझर फाइल एसआरजीबी या लहान, नेहमीच्या रंगपटलातली आहे असे धरून चालतो आणि रंग फिके पडतात. त्याच झाडलोटीत फाइलीत नोंदवलेले माझे नाव आणि स्वामित्वहक्काची ओळही गेली होती. मी ग्राहक सेवेच्या चॅटमध्ये हे सविस्तर मांडले. पलीकडून उत्तर आले, ‘महोदय, आपली अडचण आम्ही समजू शकतो. कृपया ब्राउझरचा कॅशे साफ करून पाहावा.’ मी साफ केला. छत्री विटकरीच राहिली. त्यावर मला प्रीमियम प्लॅन सुचवण्यात आला. या संभाषणात माणूस कुठे संपला आणि यंत्र कुठे सुरू झाले, हे मला अखेरपर्यंत ओळखता आले नाही, कारण दोघेही सारख्याच आदराने एकच वाक्य म्हणत होते.

याच सुमारास माझ्या भाच्याने या प्रकरणात लक्ष घातले. तो संगणकाचे शिक्षण घेतो, आणि जे काम फुकटात होते त्यासाठी पैसे देणारा माणूस त्याला अशिक्षित वाटतो. ‘मामा, तुम्हाला डेटाबेस कशाला हवाय? स्टॅटिक साइट करा, म्हणजे नुसती तयार पानं, ती गिटहब पेजेसवर फुकट टाका, एक गिगाबाइटपर्यंत काही प्रश्नच नाही,’ असे म्हणत त्याने माझ्या संगणकावर एक काळी खिडकी उघडली आणि तीत भराभर काहीतरी टंकले. पान खरोखरच तयार झाले आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत उघडलेही, हे मान्य केले पाहिजे. परंतु नंतर एक छायाचित्र बदलायचे झाल्यास मी काय करायचे, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘काही नाही, फक्त कमिट करून पुश करायचं.’ डार्करूममधल्या काळोखात मी बरीच वर्षे सुखाने वावरलो आहे. या काळ्या खिडकीतल्या काळोखात मात्र मला तांबडा दिवा कुठे दिसेना.

जाता जाता त्याने एक गोष्ट सांगितली, आणि ती कुठल्याही प्लॅनच्या तक्त्यात लिहिलेली नव्हती. ‘मामा, सर्व्हर कितीही भारी घेतला, तरी तुम्ही बारा एमबीचा फोटो टाकणार असाल तर तो रडतच उघडणार.’ सहा हजार बाय चार हजार पिक्सेल म्हणजे चोवीस मेगापिक्सेल. नेहमीचा फुल एचडी पडदा दाखवतो जेमतेम दोन. उरलेले बावीस मेगापिक्सेल पाहणाऱ्याच्या डेटावर प्रवास करतात आणि न दिसताच संपतात. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते. लांब बाजू दोन हजार पिक्सेलवर आणून, एसआरजीबीत बदलून, जेपीईजी किंवा वेबपी करून टाकलेला फोटो काहीशे किलोबाइटांत बसतो, आणि मग स्वस्तातला सर्व्हरही तो हसतमुखाने देतो. पण ज्या पिक्सेलांसाठी भिंगाचे हप्ते भरले ते आपल्या हाताने कमी करताना छायाचित्रकाराच्या जिवाला जे होते, त्यावर कुठल्याही कंपनीकडे प्लॅन नाही.

त्यानंतर माझी निवड सोपी झाली. पहिल्या वर्षाचा दर पाहणे मी सोडून दिले आणि प्रत्येक ठिकाणी थेट नूतनीकरणाचा दर शोधला. त्यासरशी यादी निम्म्याहून लहान झाली. बॅकअपच्या कलमात जिथे ‘जबाबदारी ग्राहकाची’ असे लिहिले होते, तिथे मी रागावलो नाही. २०२१ च्या मार्चमध्ये स्ट्रासबर्ग इथले ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले तेव्हा अनेकांचे बॅकअपही त्याच आगीत गेले. म्हणून छायाचित्रांची एक प्रत घरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी राहणारच होती. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, मात्र होस्टिंग कंपनीकडून ‘मोफत’ न घेता दुसरीकडे, स्वतःच्या नावावर नोंदवले, म्हणजे उद्या कंपनीशी बिनसले तर नाव तरी आपल्याकडे राहते. आणि लहान, मासिक भाड्याचा, साधा प्लॅन घेतला.

पैसे भरण्याच्या पानावर सवलतीचे घड्याळ उलटे धावत होते. मी ते शून्यापर्यंत जाऊ दिले. ते क्षणभर थांबले आणि पुन्हा पंधरा मिनिटांपासून धावू लागले. खाली चार चौकटींत कंपनीने परस्पर बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. संकेतस्थळाची सुरक्षा, शोधयंत्रात वरचा क्रमांक, स्वयंचलित बॅकअप आणि पाहणाऱ्याशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणारे एसएसएल प्रमाणपत्र. यांतले शेवटचे अगदी आवश्यक, कारण त्यावाचून क्रोम २०१८ पासून आपल्या नावापुढे ‘सुरक्षित नाही’ अशी पाटी लावतो. पण लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तेच प्रमाणपत्र २०१५ पासून फुकट देते आणि माझ्या प्लॅनमध्ये ते अंतर्भूतही होते. मी चारही खुणा काढल्या. प्रत्येक वेळी ‘आपली खात्री आहे का?’ असे विचारण्यात आले, आणि एका खेपेस तर ‘नको, मला धोका पत्करायचा आहे’ या शब्दांवर बोट ठेवल्याशिवाय सुटका झाली नाही.

शेवटी डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून संकेतस्थळाचा पत्ता सांगणारे सर्व्हर, बदलले. हा बदल जगभर पोहोचायला अठ्ठेचाळीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, कारण निरनिराळे सर्व्हर जुना पत्ता त्याची मुदत संपेपर्यंत लक्षात ठेवतात. त्यामुळे माझ्या संगणकावर आजोबा मिशांसकट, नाकासकट, पूर्ण दिसत असताना इतरांना मात्र डोमेन विकणाऱ्या कंपनीने रिकाम्या पत्त्यावर लावलेले जाहिरातींचे पान दिसत होते. हे मला ठाऊक होते, माझ्या आतेभावाला नव्हते. त्याचा लगोलग फोन आला. संकेतस्थळ फार व्यावसायिक झाले आहे, असे तो म्हणाला. फोटो अजून टाकायचे असतील, पण विम्याचे कामही मी करतो हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते, आणि त्याला गाडीचा विमा उतरवायचाच होता. मी त्याला परवा पुन्हा पाहायला सांगितले.