उंटाच्या घरात उंटच

परवाच्या एका लग्नात भर पंगतीत एका काकांनी जाहीर केलं, "यांना मघापासून बुद्धिबळ शिकवतोय." ते मुलाकडचे की मुलीकडचे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. 'यांना' म्हणजे मला. मी तोंड उघडलं तेवढ्यात वाढपी मठ्ठ्याची किटली घेऊन मध्ये आला आणि खुलासा राहून गेला. तो इथे करतो.

अक्षता पडल्यापासून पान वाढेपर्यंत कार्यालयात काय करायचं असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मी खिशातला चुंबकी पट उघडला आणि चार सोंगट्या मांडल्या. पांढरा राजा बी६, पांढरं प्यादं सी६; काळा राजा ए१, काळा हत्ती डी५. (उभ्या पट्टीला ए ते एच अक्षर, आडव्या ओळीला एक ते आठ आकडा; दोन्ही मिळून घराचा पत्ता.) चाल पांढऱ्याची, आणि पांढऱ्याने जिंकायचं. एंडगेमच्या, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याच्या, कोड्यांमध्ये याहून प्रसिद्ध कोडं क्वचितच सापडेल.

"चारच सोंगट्या? बाकीच्या हरवल्या का?" मागून आवाज आला. खुर्ची ओढली गेली. काका बसले.

पहिली चाल कुणालाही सुचते, प्यादं सी७. काळा हत्ती डी६ वर येऊन शह देतो. इथे पांढऱ्या राजासमोर बरेच रस्ते असतात आणि एक सोडून सगळे खड्ड्यात जातात. राजा बी७ वर गेला तर हत्ती डी७ वर येतो, प्यादं राजासमोर बांधलं जातं आणि पुढच्या चालीला मरतं. राजा सी५ वर आला तर हत्ती शांतपणे डी१ वर जाऊन बसतो. मग तुम्ही प्यादं शेवटच्या घरात नेऊन त्याचा वजीर केलात की सी१ वरून शह, राजा बाजूला आणि वजीर खलास. म्हणून राजाने बीच्या पट्टीतूनच पायऱ्या उतरायच्या. बी५, हत्ती डी५ शह. बी४, हत्ती डी४ शह. बी३, हत्ती डी३ शह. आता सी२. इथून डी१ राजाच्या पहाऱ्यात येतं, वर डी३ वरच्या हत्तीवर मारही बसतो. (बी४ वरून सी३ वर आलात तरी चालतं. हत्ती डी१, राजा सी२, हत्ती डी४; गाडी त्याच स्टेशनात येते.)

हे मी पटावर मुकाट्याने करत होतो. काका प्रत्येक शहाला मोठ्याने "शह!" म्हणत होते. शेजारच्या रांगेतल्या एका आजींनी दोनदा दचकून पाहिलं.

आता काळ्याचा शेवटचा डाव, हत्ती डी४. तुम्ही वजीर केलात तर हत्ती सी४ वर येऊन शह देतो. वजिराने तो मारावाच लागतो, आणि मारला की ए१ मधल्या काळ्या राजाला हलायला घरच उरत नाही. ए२ वर वजिराची तिरकी नजर, बी१ आणि बी२ वर राजाची. शह नाही, चालही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी.

१८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए नावाच्या सदरलेखकाने हेच दाखवलं होतं, की काळा इथे बरोबरी करतो. १८७५ च्या फेंटन आणि पॉटर यांच्या एका डावावरून त्याला हे सुचलं होतं. मग ग्लासगोतच राहणाऱ्या फर्नांडो सावेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूने दाखवून दिलं, की वजीर करूच नका, हत्ती करा. हत्तीला तिरकं दिसत नाही. सी४ वर काळ्याने हत्ती दिला आणि आपण मारला तरी ए२ मोकळंच राहतं, स्टेलमेट होत नाही. शिवाय नवा हत्ती ए८ वर गेला की मात. ती वाचवायला काळ्याला ए४ वरच यावं लागतं. मग राजा बी३. एकाच चालीत हत्तीवर मार आणि सी१ वर मात करण्याची धमकी. काळा दोन्ही वाचवू शकत नाही. सावेद्रा साधा हौशी खेळाडू होता. या एका चालीवर त्याचं नाव सव्वाशे वर्षांहून जास्त टिकलंय.

मी प्यादं उचललं, सी८ वर ठेवलं आणि म्हणालो, "हत्ती."

"हत्ती कसा?" काका म्हणाले. "हे घर कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?"

"सी म्हणजे उंटाचं घर. प्यादं ज्याच्या घरात शिरेल तेच होतं. उंटाच्या घरात उंटच."

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे अगदीच हवेतलं नव्हतं. जुन्या देशी खेळात प्याद्याने ज्या पट्टीत टोक गाठलं त्या पट्टीची सोंगटी मिळण्याची रीत होती. पण सी८ वर उंट केला तर एकट्या उंटाने मात होत नाही आणि समोर अख्खा हत्ती उभा. मी तसं म्हटलं.

"मग कोडंच चुकलंय," काका म्हणाले. "पांढरा जिंकतो कुठे?"

मी म्हटलं, बरं, क्षणभर वजीर धरा, काय होतं बघा. वजीर ठेवला, हत्ती सी४, वजिराने मारला, स्टेलमेट दाखवलं. काकांनी काळ्या राजाच्या चारी बाजूंना बोट टेकवून पाहिलं. "हलता येत नाही म्हणजे कोंडला. कोंडला म्हणजे हरला. बरोबरी कसली?"

म्हणजे पहिल्या नियमाने कोडं सुटतच नाही आणि दुसऱ्या नियमाने सोडवायला काही उरतच नाही. दोन्ही नियम एकाच माणसाचे, दोन्ही पाठोपाठ लागू. (इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तर स्टेलमेट करणाराच हरायचा. काकांना हे सांगितलं नाही. तिसरा नियम झाला असता.)

"आणि हत्ती आणणार कुठून?" त्यांनी नवा मोर्चा उघडला. "तुमचा मेलेला हत्ती दाखवा."

डबीत पांढरा हत्ती होता, पण तो मेलेला कशावरून, हे सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नव्हता. या हत्ती-वजीर प्रकरणाने भलेभले घायकुतीला आलेत. २०१७ च्या कॅनडाच्या अजिंक्यपदाच्या निर्णायक झटपट डावात नोरित्सिन नावाच्या खेळाडूने प्यादं शेवटच्या घरात नेलं. हाताशी वजीर नव्हता. वजीर प्रतिस्पर्धी साम्बुएवच्या हातात होता. मग त्याने हत्ती उलटा ठेवला. पंच म्हणाले, उलटा असला तरी हत्ती तो हत्तीच. डाव गेला, विजेतेपदही गेलं. त्याला वजीर हवा होता, मिळाला हत्ती. मला हत्ती हवा होता, आणि मिळत होता उंट.

तेवढ्यात फेटा बांधलेल्या एका मुलाने मोबाईलवर स्थिती टाकून "प्यादं सी७, विन" असं सांगून टाकलं. विचारलं होतं कुणी? चार सोंगट्यांचीच काय, सात सोंगट्यांपर्यंतची सगळी उत्तरं संगणकाने आधीच काढून ठेवलीत, हे मलाही ठाऊक आहे. उत्तर कुणाला हवंय? डी४ वरचा तो हत्ती बघत दहा मिनिटं डोकं खाजवायचं, एवढंच तर हवं असतं. पण हल्ली डोकं खाजवणारा माणूस दिसला की लोकांना त्याला मदत करावीशी वाटते. भाजी निवडणाऱ्या बाईला कुणी करत नाही.

"पुढचं दाखवा," काका म्हणाले.

मी मुद्दाम रेटी या कोडी रचणाऱ्या खेळाडूचं १९२१ चं कोडं लावलं. पांढरा राजा एच८, प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याने बरोबरी करायची. राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका उतरतो. एकाच वाटेने तो काळ्या प्याद्याचा पाठलागही करतो आणि आपल्या प्याद्याजवळही पोचतो. काळ्याला दोन्हीकडे एकदम लक्ष देता येत नाही. शेवटी दोन्ही प्यादी टोकाला, दोन वजीर, बरोबरी. इथे तरी वाद नको, असा माझा हिशोब.

काकांनी पट स्वतःकडे ओढला. "याचं प्यादं एच१ वर, म्हणजे हत्ती. आपलं सी८ वर, म्हणजे पुन्हा उंटच." थोडा वेळ डोळे मिटले. "हत्तीविरुद्ध उंट... सुटतं. बरोबरी."

हत्तीविरुद्ध एकटा उंट बहुतेक वेळा खरोखरच बरोबरी धरतो. रेटीचं उत्तरही, वजिरांनी का होईना, बरोबरीच. मी "बरोबर" म्हटलं, आणि नेमकं तेव्हाच पंगतीला बोलावणं आलं.