पिशवीवरचं कुत्रं कुणाकडं बघायलंय?

लातुरात गंजगोलाईच्या अलीकडं आमचा कट्टा. काल दाजी कुत्र्याच्या खाण्याची तीन किलोची पिशवी घेऊन आले आणि तिथंच वाद पेटला.

"जाहिरात बघितली गड्या. घरातली पोरगी शिकायला गेली, कुत्रं दारात वाट बघत बसलंय. आमचा शेरू बी तसाच बसतोय. डोळ्यात पाणीच आलं."

"मंजी रडलात तुम्ही, अन् खाणार शेरू," मास्तर म्हणाले.

जनावरांच्या औषधाचं दुकान असलेला आमचा दोस्त उसळला. "कामून नावं ठेवायलाव? नुसत्या भाकरीत प्रथिनं कमी पडतेत. वरून तुम्ही उरलेला रस्सा घालता. त्यातला कांदा कुत्र्याला बाधतो. ह्यात सगळं मापात असतंय."

त्याचं खरंच आहे. पण ह्यातलं एक अक्षर तरी जाहिरातीत होतं का? तिथं पिल्लाचे मोठे डोळे, वाटोळं डोकं, हळू संगीत. मोठे डोळे, फुगीर गाल दिसले की माणसाला लेकराची माया येते, हे प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झनं 1943 मध्येच मांडलंय. आपल्या भागातलं लांब तोंडाचं, सडपातळ कारवान कुत्रं मी तरी अशा जाहिरातीत कधी पाहिलं नाही. ते पिल्लासारखं दिसत नाही ना!

मास्तरांनी पिशवी उलटी केली. पुढं कोंबडीची तंगडी छापलेली. मागं घटकांत आधी तृणधान्यं, मग कोंबडी; म्हणजे तृणधान्यंच जास्त. अमेरिकेतल्या नियमात तर 'विथ चिकन' लिहायला 3 टक्के चिकन पुरतं.

"अन् हे लाल-हिरवे दाणे?" मी विचारलं. कुत्र्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. मग ते रंग कुणासाठी? विकत घेणाऱ्यासाठीच. मला राग येतो तो इथं. दाजींचं घर पोरीविना सुनं झालंय, आणि त्या सुनेपणावर नेमकं बोट ठेवून कुणीतरी पिशवी विकतंय.

दुकानवाला म्हणाला, "खाणं वाईट न्हाई, एवढंच म्हणलो मी."

दाजींनी पिशवीचं तोंड दुमडून रबर लावलं. "मला बी कळतंय रे. पण पोरीला रोज शेरूच्या ताटलीचा फोटो लागतोय. भाकरीचा पाठवला की म्हणते, बाबा, मी गेल्यापासून त्याच्याकडं कुणी बघत न्हाई का?"